हाती बॅटन, पण वाद्यवृंद कुठे?

पियानो वाजवणाऱ्याला घरात पियानो असला की पुरतं. दार लावून तो तासन्‌तास रियाज करू शकतो. वाद्यवृंदाच्या संचालकाचं तसं नाही. त्याचं वाद्य म्हणजे समोर बसलेले साठ-सत्तर वादक! ते कुणी हाती दिलेच नाहीत, तर शिकलेलं सगळं मनातच राहतं. अँटोनिया ब्रिको आयुष्यभर झगडली ती याच वाद्यासाठी.

१९०२ साली हॉलंडमधल्या रॉटरडॅमला जन्मलेली ही मुलगी लहानपणीच अमेरिकेत, कॅलिफोर्नियात आली. सांभाळणाऱ्या आई-वडिलांकडे मायेचा दुष्काळच होता. नखं खायची सवय सुटावी म्हणून डॉक्टरांनी पियानो शिकवायला सुचवलं आणि तिला जगण्याची वाट सापडली. पुढे बर्लिनच्या संगीत अकादमीत तिने संचालनाचं रीतसर शिक्षण घेतलं. १९३० मध्ये तिथल्या नामवंत बर्लिन फिलहार्मोनिकचं संचालन केलं, तेव्हा ती अवघी २७ वर्षांची होती.

आता हिला काय कमी, असं आपल्याला वाटेल. पण अमेरिकेत परतल्यावर एका प्रसिद्ध गायकाने बाईच्या संचालनाखाली गायला चक्क नकार दिला. अँटोनिया रडत बसली नाही. १९३४ मध्ये तिने न्यूयॉर्कमध्ये बायकांचाच वाद्यवृंद उभा केला. वादक बायकांना तरी कुठे कोण विचारत होतं? १९३८ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं संचालन करणारी ती पहिली स्त्री ठरली. १९३९ मध्ये तिने आपल्या वाद्यवृंदात पुरुषांनाही घेतलं. तिला बायकांची वेगळी पंगत नको होती, सगळ्यांच्या पंगतीत पाट हवा होता.

तो काही मिळाला नाही. १९४२ मध्ये ती डेन्व्हरला गेली. तिथल्या मुख्य वाद्यवृंदानेही बाई म्हणून तिला नाकारलं. मग दिवसा नोकरी-धंदा करणाऱ्या हौशी वादकांना घेऊन तिने वर्षानुवर्षं कार्यक्रम केले, मुलांना पियानो शिकवला. त्यातलीच एक विद्यार्थिनी, गायिका जूडी कॉलिन्स. तिने १९७४ मध्ये बाईंवर माहितीपट काढला. वर्षाकाठी चार-पाचच कार्यक्रम वाट्याला येतात, ही खंत बाईंनी त्यात लपवली नाही. माहितीपट गाजला आणि सत्तरी ओलांडल्यावर मोठ्या वाद्यवृंदांची बोलावणी आली. १९८९ मध्ये त्या गेल्या.

मैत्रिणींनो, त्यांच्या चिकाटीचं कौतुक करावं तेवढं थोडंच. पण मधली चाळीस वर्षं कोण भरून देणार? एखादीच्या जिद्दीला टाळ्या वाजवताना, तिच्यासाठी दार कुणी लावून घेतलं होतं, हेही विचारायला हवं ना!