विश्लेषण : जुन्या चित्रपटांच्या डिस्कवर कलाकारांना बोलते का केले जाते?

'सिंगिंग इन द रेन' या १९५२च्या संगीतपटाची पन्नाशीनिमित्त काढलेली डीव्हीडी २००२ मध्ये बाजारात आली. चित्रपट सुरू करून रिमोटवरून ऑडिओचा पर्याय बदलला, की मूळ संवाद मागे पडतात आणि नायिका डेबी रेनॉल्ड्स बोलू लागतात. मग डोनाल्ड ओकॉनर, सिड शरीस, कॅथलीन फ्रीमन हे कलाकार, सहदिग्दर्शक स्टॅनली डोनन, पटकथाकार जोडी बेटी कॉम्डन आणि अ‍ॅडॉल्फ ग्रीन असे एकेक आवाज येत जातात. ज्यांना ऐकायला आपण डिस्क लावली, ते जीन केली मात्र त्यात नाहीत. पावसात छत्री घेऊन नाचणारा हा नायक फेब्रुवारी १९९६ मध्ये गेला. अमेरिकेत डीव्हीडीची विक्री सुरू झाली मार्च १९९७ मध्ये. चुकामूक झाली ती तेरा महिन्यांनी.

चित्रपट यूट्यूबवर किंवा ओटीटीवर मिळत असताना डिस्क कोण विकत घेते, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे बरेचसे उत्तर या आवाजांमध्ये आहे.

कॉमेंट्री ट्रॅक आला कुठून?

सुरुवात लेझरडिस्कपासून झाली. ग्रामोफोनच्या तबकडीएवढ्या या डिस्कवर आवाजासाठी दोन स्वतंत्र अ‍ॅनालॉग चॅनेल होते. १९३३चा 'किंग काँग' मोनो, म्हणजे त्याला एकच चॅनेल पुरेसा. १९८४ मध्ये क्रायटेरियन कंपनीने तो लेझरडिस्कवर आणताना उरलेल्या चॅनेलचा उपयोग करून घेतला. चित्रपट अभ्यासक रोनाल्ड हेव्हर यांनी पडद्यावरच्या दृश्यांबरोबर बोलत जाऊन चित्रपटाची जन्मकथा सांगितली. हाच पहिला कॉमेंट्री ट्रॅक मानला जातो. रिकामा चॅनेल वाया जाऊ द्यायचा नाही, ही वृत्ती अभियांत्रिकी शिकलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल!

डीव्हीडीने एका चित्रपटासाठी आठ ऑडिओ ट्रॅकची सोय दिली आणि काम आणखी सोपे झाले. साधा हिशेब करून पाहा. १०३ मिनिटांचा चित्रपट आणि सेकंदाला १९२ किलोबिट्सचा ट्रॅक धरला, तर जागा लागते सुमारे १५० एमबी. दोन थरांच्या डीव्हीडीची क्षमता ८.५ जीबी असते. म्हणजे अख्ख्या चित्रपटभर माणसे बोलली तरी दोन टक्केही जागा जात नाही. अडचण जागेची नसतेच. बोलणारा माणूस वेळेत गाठण्याची असते.

कलाकार नेमके काय सांगतात?

सगळे जण एकत्र बसून चित्रपट पाहत गप्पा मारतात, असा आपला समज असतो. काही वेळा तसे होतेही. पण 'सिंगिंग इन द रेन'सारख्या ट्रॅकमध्ये प्रत्येकाचे बोलणे वेगवेगळे ध्वनिमुद्रित करून दृश्यांनुसार जोडलेले आहे. दिग्दर्शकाला कॅमेरा आठवतो, कलाकाराला शरीर आठवते. चित्रीकरणाच्या वेळी रेनॉल्ड्स एकोणीस वर्षांच्या होत्या आणि सराईत नर्तकी नव्हत्या. एका नृत्याच्या चित्रीकरणानंतर पायांतून रक्त आल्याची आठवण त्यांनी अनेकदा सांगितली. ही गोष्ट स्टुडिओच्या कागदपत्रांत सापडणे कठीण.

अर्थात, पन्नास वर्षांनी स्मरणशक्तीही दगा देते. पाऊस पडद्यावर नीट दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळले होते, ही या चित्रपटाविषयीची दंतकथा आजही फिरते. प्रत्यक्षात ती करामत मागून सोडलेल्या प्रकाशाची होती. म्हणूनच या ट्रॅकवर कलाकारांसोबत रूडी बेल्मर हे चित्रपट इतिहासकारही आहेत. डिस्क सुरू होताना 'कॉमेंट्रीतील मते संबंधितांची वैयक्तिक आहेत' अशी पाटी दिसते. ती स्टुडिओच्या वकिलांच्या समाधानासाठी असते; पण प्रेक्षकानेही ती वाचलेली बरी.

घाई कशाची?

कॅथलीन फ्रीमन यांची या चित्रपटातील उच्चारशिक्षिका छोटी, पण लक्षात राहणारी. त्या ऑगस्ट २००१ मध्ये गेल्या. डिस्क आली त्यानंतर वर्षभराने. अ‍ॅडॉल्फ ग्रीन ऑक्टोबर २००२ मध्ये गेले, ओकॉनर २००३ मध्ये. पुढे कॉम्डन २००६, शरीस २००८, रेनॉल्ड्स २०१६ आणि डोनन २०१९. सुरुवातीला उल्लेख केलेल्या सात जणांपैकी आज एकही हयात नाही. २०१२च्या ब्लू-रेवरही हाच ट्रॅक पुन्हा वापरला गेला.

'गॉन विथ द विंड'चे उदाहरण याहून टोकाचे आहे. १९३९च्या या चित्रपटातील चार प्रमुख कलाकारांपैकी लेस्ली हॉवर्ड १९४३ मध्ये विमान पाडले गेल्याने मरण पावले, क्लार्क गेबल १९६० मध्ये आणि व्हिव्हियन ली १९६७ मध्ये गेल्या. उरल्या होत्या मेलनीची भूमिका करणाऱ्या ऑलिव्हिया डी हॅविलंड. २००४च्या डीव्हीडी संचासाठी त्यांच्या आठवणींचा स्वतंत्र माहितीपट करण्यात आला. त्या वेळी त्या ८८ वर्षांच्या होत्या. २०२० मध्ये, १०४व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

'सिंगिंग इन द रेन'ची मूळ निगेटिव्ह १९७८च्या आगीत नष्ट झाली, तरी इतर प्रतींवरून चित्रपट उभा राहिला. केली यांच्या न सांगितलेल्या आठवणींची दुसरी प्रत कुठे असणार?

भारतीय चित्रपटांचे काय?

सत्यजित राय यांच्या 'अपू' चित्रत्रयीच्या निगेटिव्हही १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतील आगीत होरपळल्या. इटलीतील बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी सुमारे हजार तास हाताने काम करून त्यांचा काही भाग वाचवला. २०१५ मध्ये क्रायटेरियनने काढलेल्या संचात सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या मुलाखती आहेत. 'अपूर संसार' हा दोघांचाही पहिला चित्रपट. सौमित्रदा नोव्हेंबर २०२० मध्ये गेले.

आता यातली गंमत पाहा. ब्लू-रेसाठी अमेरिका 'ए' विभागात, तर भारत 'सी' विभागात मोडतो. त्यामुळे अमेरिकेत निघालेला हा बंगाली चित्रपटांचा ब्लू-रे संच भारतीय प्लेयरवर चालत नाही.

आपल्याकडे घरोघरी पोहोचली ती व्हीसीडी. एका डिस्कवर जेमतेम ८० मिनिटे आणि डावा-उजवा असे दोनच चॅनेल. एक चित्रपट दोन डिस्कवर मावला की खूप झाले! 'सामना'ची जी आवृत्ती मी पाहिली, तिच्यात चित्रपटाआधी जाहिराती होत्या, नंतर काहीच नव्हते. निळू फुले २००९ मध्ये गेले, डॉ. श्रीराम लागू २०१९ मध्ये. हिंदुराव आणि मास्तर समोरासमोर येतात त्या प्रसंगांवर हे दोघे बोलत आहेत, असा एखादा ट्रॅक असता तर अभिनयाच्या विद्यार्थ्यांना ते पाठ्यपुस्तकच ठरले असते.

ओटीटीवर हे मिळते का?

बहुतेक ठिकाणी नाही. चित्रपटाचे हक्क घेतले जातात, त्यासोबतचे अतिरिक्त साहित्य सहसा येत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेली क्रायटेरियन चॅनेल ही सेवा कॉमेंट्री ट्रॅकही दाखवते. पण ती अमेरिका आणि कॅनडापुरती आहे.

घरातल्या जुन्या डीव्हीडी रद्दीवाल्याकडे जाणार असतील, तर त्याआधी एकदा त्यांचा मेन्यू उघडून पाहा. 'स्पेशल फीचर्स' किंवा ऑडिओच्या यादीत चित्रपटाच्या भाषेखाली आणखी एखादी नोंद दिसू शकते. संगणकावर व्हीएलसी वापरत असाल, तर हा पर्याय 'ऑडिओ ट्रॅक'खाली असतो.