वैनगंगेवरचा म्होरक्या

भंडारा जिल्ह्यात नदीवरची मासेमारी दोन प्रकारांनी चालते. फेकजाळे घेऊन एकटा माणूस कमरेएवढ्या पाण्यात उतरतो आणि संध्याकाळच्या कालवणापुरती मासोळी काढतो. पण खोल डोहाला वेढा घालून ओढजाळे काठाला आणायचे, तर दहाबारापासून वीस-पंचवीसपर्यंत माणसे लागतात. या टोळीला एक म्होरक्या असतो. तो निवडून येत नाही आणि त्याची नेमणूकही होत नाही. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष आणि सचिव वेगळे. त्यांची नावे फलकावर असतात. म्होरक्याचे नाव कुठे लिहिलेले नसते, पण पाण्यात उतरल्यावर अध्यक्षही त्याचेच ऐकतो.

हे काम करणारी माणसे बहुतेक ढिवर समाजाची. महाराष्ट्राच्या यादीत हा समाज भोई व तत्सम जातींबरोबर भटक्या जमाती ‘ब’ या गटात येतो. नदीवर डोंगा चालवणे, मासेमारी, शिंगाड्याचे पीक, ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पाळणे असे त्याचे जुने व्यवसाय. काही टोळ्या नदी आणि तलाव दोन्हींवर काम करतात. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांमुळे भंडारा ओळखला जातो. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि हे तलाव माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव झाले. तलावात पाणी कोंडलेले असते आणि तळ माहितीचा असतो. नदीचा तळ दर पुरानंतर बदलतो, म्हणून म्होरक्याची परीक्षा नदीवर होते.

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी या तालुक्यांतून वाहते. बावनथडी आणि सूर तिला याच भागात मिळतात; आंभोऱ्याला कन्हान येते. पात्र रेताड आहे, मध्ये मध्ये खडक. दिवाळीनंतर पाणी उतरू लागते तसे मासे उथळ भागातून डोहांत सरकतात. म्होरक्याचे काम इथून सुरू होते. जाळे टाकण्याच्या आदल्या दिवसांत तो काठाने फिरतो. पाण्याचा रंग कसा आहे, बुडबुडे कुठे येतात, पाणकावळे कुठे बसतात, कडेच्या चिखलात चरल्याच्या खुणा आहेत का, एवढे पाहून डोह काढायचा की ठेवायचा हे तो ठरवतो. ठेवायचा निर्णय घेणे जास्त अवघड. रोजी बुडालेली माणसे कुरकुरतात, आणि पाण्याखाली काय आहे याचा पुरावा कोणाला दाखवता येत नाही.

काढायच्या दिवशी माणसे उजाडताना जमतात. म्होरक्या आधी हातात बांबू घेऊन एकटाच पाण्यात चालून येतो. पूर्वी हे फक्त झाडांची बुडालेली खोडे आणि खडक शोधण्यासाठी होते, कारण त्यांत जाळे अडकून फाटते. रेतीच्या बेसुमार उपशानंतर याला आणखी एक कारण मिळाले. गुडघाभर पाण्यात चालता चालता अचानक पुरुषभर खोल खड्डा लागतो. जाळ्याची दोरी कमरेला लावून ओढणाऱ्या माणसाचा त्यात पाय गेला, तर त्याला हात मोकळा करायलाही वेळ मिळत नाही. चांगला म्होरक्या खड्ड्याच्या कडेला काठ्या रोवतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यांना त्या बाजूला ठेवतो.

ओढजाळ्याच्या वरच्या दोरीला तरंग असतात, आता बहुधा थर्माकोलचे तुकडे किंवा बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्या. खालच्या दोरीला शिसे. जाळ्याचे एक टोक काठावर धरून ठेवतात आणि बाकीचे जाळे डोंग्यात घडी घालून नेतात. डोंगा डोहाला वळसा घालतो तसतसे ते पाण्यात सुटत जाते. या वेळी कोणी बोलत नाही, वल्हेसुद्धा डोंग्याच्या कडेला आपटू देत नाहीत. दुसरे टोक काठाला लागून वेढा पुरा झाला की हा नियम एकदम उलटतो. मागे राहिलेली पोरे पाणी बडवतात, ओरडतात, मासोळीला जाळ्याच्या पोटाकडे हाकतात.

ओढताना दोन्ही बाजूंची माणसे सारख्या वेगाने यावी लागतात. एक बाजू पुढे गेली की पोट तिरपे होते, दुसऱ्या बाजूची खालची दोरी तळापासून उचलली जाते आणि मासे त्या फटीतून निघून जातात. हे जाळ्याला जुंपलेल्या माणसाला दिसत नाही. त्याला फक्त आपल्या दोरीचा ताण कळतो. म्हणून म्होरक्या कधीच दोरीला हात लावत नाही. तो जाळ्याच्या मागे, मध्यावर, छातीभर पाण्यात किंवा डोंग्यात उभा राहतो. नवख्या माणसाला वाटते की सगळे राबताहेत आणि हा एकटा उभा आहे. प्रत्यक्षात तरंगांची रांग कुठे वाकली, कुठे बुडाली, एवढेच तो पाहत असतो, आणि त्यावरून एका बाजूला थांबवतो, दुसरीला चालवतो. आवाज पोहोचत नाही तिथे हाताच्या खुणा चालतात. कोणी बुडी मारून अडकलेले जाळे सोडवायला गेला असेल, तर तो वर येईपर्यंत ओढणे बंद राहते. ही शिस्त जिथे सैल होते तिथे माणसे जातात.

माशांचे स्वभाव हा त्याच्या विद्येचा दुसरा भाग. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. वेढा आवळत आला की रोहू उडी मारून वरच्या दोरीवरून जातो. त्यासाठी शेवटच्या टप्प्यात काही माणसे ती दोरी हाताने पाण्याच्या वर उचलून धरतात. मृगळ खालून निसटतो, म्हणून इतर माणसे पायाने शिशाची दोरी दाबत येतात. मरळ या दोन्हींना दाद देत नाही. ती गाळात शिरून बसते आणि जाळे अंगावरून जाऊ देते. पण तिला हवा घ्यायला पाण्यावर यावे लागते, आणि जाणता माणूस त्या एका बुडबुड्यावर तिची जागा हेरतो. पावसाळ्याच्या आसपास पाण्यावर तांबूस पिल्लांचा थवा फिरताना दिसला, तर खाली मरळीची जोडी राखणीला असते. तिथे फेकजाळे टाकले की एका फेकीत मोठी मासोळी मिळते आणि थवा इतर माशांच्या तोंडी जातो. म्होरक्याचा दरारा किती आहे ते अशा जागी कळते: त्याच्या टोळीतला माणूस तो थवा ओलांडून पुढे जातो, मागे कोणी पाहत नसले तरी.

मासोळी काठावर आली की वाटे पडतात. जाळ्याचा एक वाटा, डोंग्याचा एक, बाकी माणशी सारखे, अशी ढोबळ रीत. तपशील गावागणिक बदलतो. सोसायटीचा माल असेल तर आधी वजन होते. वाटे सहसा म्होरक्याच लावतो आणि आपला शेवटी उचलतो. टोळी त्याला वर्षानुवर्षे मानते ती यासाठी, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. पाणी ओळखणारी माणसे गावात दोनचार निघतात. वाटा लावताना ज्याच्यावर संशय घेतला जात नाही असा एखादाच.

मासेमारीतले सांघिक नेतृत्व जगात दुसऱ्या एका ठिकाणी फार बारकाईने नोंदले गेले आहे, ते गळाच्या स्पर्धांत. गोड्या पाण्यातल्या गळमासेमारीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९५७ पासून होते. पाच जणांचा संघ नदीकाठच्या पाच वेगळ्या विभागांत वाटला जातो. प्रत्येकाला आपल्या विभागातल्या क्रमांकाइतके गुण मिळतात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो. एकट्याने भरपूर मासे काढून उपयोग नसतो, पाचही जणांना बरे यावे लागते. संघाचा सूत्रधार स्वतः गळ टाकत नाही. तो काठाने फिरून एका विभागातली खबर दुसऱ्याला देतो. इंग्लंडने १९८५ साली फ्लोरेन्सला आर्नो नदीवर सांघिक विजेतेपद मिळवले. इंग्लंडच्याच बॉब नड यांची १९९०, १९९१, १९९४ आणि १९९९ ची चार वैयक्तिक विजेतेपदेही वर्षवार सापडतात. महाराष्ट्रातही गळाचा शौक आहे आणि मुंबईत पवईच्या तलावावर त्याची जुनी संघटना आहे. भंडाऱ्यात मात्र गळ हा पोरांचा उद्योग मानला जातो. इथली चुरस पाण्याच्या ठेक्यासाठी असते आणि तिथे करंडक नसतो. तरी न खेळता खेळ चालवणारा माणूस दोन्हीकडे तोच आहे. फरक नोंदीचा.

म्होरक्याची ही विद्या ज्या नदीवर घडली ती नदी आता तशी नाही. पवनी तालुक्यातल्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. २००९ मध्ये ते राष्ट्रीय प्रकल्प ठरले. अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीच्या, ३३ दरवाजांच्या या धरणामुळे पाणी आंभोऱ्यापर्यंत आणि भंडारा शहरापर्यंत तुंबले. मधले अनेक डोह कायमचे बुडाले, आणि त्यांच्याबरोबर कोणत्या महिन्यात कोणता डोह काढायचा हा हिशेबही. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि तिथून याच पाण्यात येते. जलपर्णी माजली की जाळे ओढणे अशक्य होते. वरच्या अंगाला धरणांचे दरवाजे उघडले की पाऊस नसतानाही पाणी चढते, तेव्हा म्होरक्याला आता ढगांइतकेच प्रशासनाच्या इशाऱ्याकडे लक्ष ठेवावे लागते.

रोहू-कटल्याला अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी हवे असते; तुंबलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात संप्रेरकांच्या साहाय्याने या माशांचे प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून मत्स्यजिरे आणि बोटुकली विकत आणून सोडण्याची पद्धत देशभर पसरली. त्यामुळे जलाशयात मासे राहिले, पण स्थानिक जातींची जाण असलेल्या माणसाची गरज कमी झाली असा समज झाला. तो चुकीचा होता, हे जवळच सिद्ध झाले आहे. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यातच असलेल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात पतिराम तुमसरे या ढिवर जाणकाराची माहिती आणि मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे काम एकत्र आले. निमगावच्या तलावातले बेशरम हे तण काढून नांगरट करण्यात आली आणि कोणत्या माशाला कोणती पाणवनस्पती लागते या तुमसऱ्यांच्या सांगण्यावरून लावणी झाली. स्थानिक मासोळी परतली. पुढे शालू कोल्हे यांच्यासारख्या स्त्रियाही या कामात पुढे आल्या.

तुमसऱ्यांचे ज्ञान कोणीतरी बसून लिहून घेतले म्हणून ते टोळीबाहेर गेले. वैनगंगेच्या काठच्या बहुतेक म्होरक्यांचे गेले नाही; जाळे दुरुस्त करायला माणसे बसली की त्यांच्या गोष्टी निघतात, तेवढीच त्यांची नोंद. सोसायटीच्या दप्तरात किती किलो मासोळी निघाली हे लिहिलेले असते. कोणत्या डोहातून, कोणत्या महिन्यात आणि कोणाच्या सांगण्यावरून निघाली, हे नसते. हयात म्होरक्यांकडून एवढे विचारून घेण्यासाठी प्रत्येक सोसायटीने एक वही घालावी, आणि ती येत्या पावसाळ्यात, जाळी काठावर असतानाच लिहायला घ्यावी.