अब्जांसमोर अर्धा मिलिलिटर

हिपॅटायटीस बीचे विषाणू एकमेकांना खेटून मांडले, तर एका मिलिमीटरच्या रेघेवर सुमारे २४ हजार मावतील. लागण जोरात असलेल्या गरोदर बाईच्या एका मिलिलिटर रक्तात ते १०० कोटींच्याही वर असू शकतात. हे झाले खरे विषाणू. त्यांच्याबरोबर नुसती पोकळ कवचं फिरतात, तीही हजार ते लाख पटींनी जास्त! इथे शून्यं मोजतानाच दम लागतो.

दुसऱ्या बाजूचा आकडाही काही लहान नाही. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तद्रवात आयजीजी प्रकारच्या प्रतिपिंडांचे रेणू किती? चारावर सोळा शून्यं. वार हे रेणू आईकडून ओढून बाळाला देते. पाचव्या महिन्यात बाळाकडे आईच्या जेमतेम ५ ते १० टक्के असतात, पण दिवस भरेपर्यंत आईपेक्षाही जास्त होतात. गोवर, धनुर्वात यांविरुद्धची शिदोरी बाळाला अशीच मिळते.

मग बाळ वाचायला हवं ना? इथेच मेख आहे. विषाणूच्या कवचाला अडवणारी मोकळी प्रतिपिंडं बाधित आईकडेच नसतात, ती बाळाला कुठून देणार? तिच्याकडून मिळतात ती विषाणूच्या गाभ्याविरुद्धची. ती बाळाच्या रक्तात दोन वर्षांपर्यंत सापडतात, पण संरक्षण शून्य.

मोठ्या माणसाला लागण झाली, तर १०० पैकी पाचांहून कमी जणांत ती कायमची राहते. नवजात बाळांत ९० जणांत. बहुतेक बाळांना ती बाळंतपणाच्या वेळीच होते, म्हणून पहिले २४ तास मोलाचे. त्यात अर्धा मिलिलिटर लस, डाव्या मांडीत. आई बाधित असेल, तर दात्यांच्या रक्तातून काढलेली तयार प्रतिपिंडंही दुसऱ्या मांडीत देतात. आईकडे नव्हती तीच ही. तैवानने १९८४ मध्ये नवजातांचं लसीकरण सुरू केलं. तिथल्या मुलांतलं बाधितांचं प्रमाण १० टक्क्यांवरून एक टक्क्याच्या खाली आलं.

तरी २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोक बाधित होते, त्यातले सुमारे तीन कोटी भारतात. आणि जन्मतःचा डोस मिळाला जगातल्या निम्म्याहून कमी बाळांना.

गरोदरपणात हिपॅटायटीस बीची तपासणी झाली का, ते विचारा. बाळंतिणीला घरी नेण्याआधी बाळाच्या कार्डावर बीसीजी आणि पोलिओच्या थेंबांबरोबर हिपॅटायटीस बीच्या डोसची नोंद आहे ना, तेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.