वायफाय दिसेना? आधी तार जोडा

ऐन हप्त्याच्या दिवशी आमच्या बचत गटाचं वायफाय गायब झालं. कर्जाच्या नोंदी अडल्या, बायका ताटकळल्या. कारण साधं निघालं. कुणीतरी राउटरचं रिसेट बटण दाबून धरलं होतं.

आमच्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली आहे. रिसेट झाल्यावर बहुतेक राउटरवर तिचं वायफाय बंदच असतं. बिनपासवर्डाचं दार उघडं राहू नये, म्हणून. राउटर बिघडलाय असं समजू नका.

लॅपटॉपची तार राउटरच्या लॅन खाचेत लावा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका. नाव रूट, पासवर्ड कोरा. आधी नवा पासवर्ड ठेवा. मग नेटवर्क, वायरलेस इथे जाऊन देश भारत निवडा, वायफायला पासवर्ड द्या, सुरू करा आणि सेव्ह करा.

जुना फोन जोडला जात नसेल, तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ ऐवजी डब्ल्यूपीए२ ठेवा. वेग रखडत असेल, तर २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ किंवा ११ निवडून बघा. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतं. तिथले काही चॅनल आधी रडार तपासतात, म्हणून मिनिटभर थांबा.

वायफाय जोडलं, पण इंटरनेट नाही? मग दोष बाहेरच्या जोडणीत शोधा. रिसेटमध्ये इंटरनेटवाल्याचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जातं. ते गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि सगळं नीट चालू असतानाच सेटिंगचा बॅकअप घ्या. पुढचा हप्ता अडणार नाही.