हार्ड डिस्क बिघडण्याची चाहूल लागली तर

पूर्वी घरातले महत्त्वाचे कागद लोखंडी पेटीत आणि फोटो अल्बममध्ये असत. पेटी गंजली तर दिसायचे, अल्बमला वाळवी लागली तर कळायचे. आता निकाहाचे फोटो, मरहूम वडिलांच्या आवाजाचे रेकॉर्डिंग, मुलांच्या मार्कशीट, सातबाऱ्याचे स्कॅन, दुकानाचा हिशेब, कधी मशिदीच्या ट्रस्टचा जमाखर्चसुद्धा घरच्या कॉम्प्युटरमध्ये असतो. हे सगळे ज्या भागात साठते तो भाग म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे त्याची आठवण बहुधा बिघाड झाल्यावरच होते.

बिघाडाच्या वेळी घरात एकच घाई असते, ती म्हणजे कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा. नुकसान बहुतेक वेळा या घाईनेच होते. ड्राइव्ह बाजारात दुसरी मिळते, आतले फोटो मिळत नाहीत. म्हणून आधी आतला माल वाचवायचा आणि दुरुस्तीचे मग बघायचे, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला माहीत असावा.

चाहूल कशी ओळखावी?

हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. घरगुती कॉम्प्युटरमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेऱ्या मारतात. माहिती वाचणारे हेड त्यांच्यावर तरंगत असते. दोघांमधील अंतर धुळीच्या कणापेक्षाही कितीतरी कमी असते. चालू असताना धक्का बसला किंवा वीज अचानक गेली तर त्रास होतो तो यामुळे. एसएसडीमध्ये फिरणारा भाग नसतो. माहिती चिपमध्ये राहते, पण त्या चिपवर लिहिण्यालाही मर्यादा असते. हार्ड डिस्क बरेचदा कुरकुर करून मग बंद पडते. एसएसडी मात्र कालपर्यंत नीट चालून आज अचानक गप्प होऊ शकते.

पुढील गोष्टी दिसल्या तर सावध व्हावे : कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीपेक्षा फारच वेळ लागणे, एखादे फोल्डर उघडताना सगळे गोठून जाणे, फोटो अर्धा दिसून खाली राखाडी पट्टा येणे, फाईल खराब झाली असून वाचता येत नाही असा संदेश येणे, ड्राइव्ह यादीतून मधूनच गायब होणे आणि टक-टक असा ठराविक लयीत आवाज येणे.

पहिल्या तासात काय करू नये?

स्क्रीनवर ‘यू नीड टू फॉरमॅट द डिस्क’ असे आले तर होकाराचे बटण दाबू नये. ड्राइव्हमध्ये काय कुठे ठेवले आहे याची यादी कॉम्प्युटरला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. माल बहुधा जागेवरच असतो. फॉरमॅट केले की जुनी यादी जाते. पूर्ण फॉरमॅट केले तर मालही पुसला जातो.

त्या ड्राइव्हवर नवे काही उतरवू नये. फाईल परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर टाकणे म्हणजे हरवलेल्या कागदावर नवे लिखाण करण्यासारखे आहे. चुकून पुसलेली फाईल एसएसडीवर असेल तर कॉम्प्युटर ताबडतोब बंद करावा. रिकामी झालेली जागा एसएसडी आपणहून साफ करते आणि त्यानंतर फाईल परत मिळण्याची आशा जवळपास उरत नाही.

टक-टक आवाज येत असेल तर लगेच बंद करावे आणि ‘एकदा लावून बघू’ हा मोह टाळावा. बिघडलेले हेड प्रत्येक फेरीत तबकडी खरवडत असू शकते. ड्राइव्ह फ्रीजरमध्ये ठेवण्याचा किंवा झाकण उघडून बघण्याचा सल्ला कोणी दिला तर मानू नये. थंड ड्राइव्हवर आत दव साचते, आणि उघड्या ड्राइव्हवर बसलेली धूळ काढता येत नाही.

ड्राइव्ह दिसते आहे, तर आधी नक्कल

आवाज नाही आणि ड्राइव्ह उघडते आहे, तर दुसरी चांगली ड्राइव्ह किंवा पुरेसा मोठा पेनड्राइव्ह लावावा आणि नक्कल सुरू करावी. सगळे एकदम ओढू नये. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही ते आधी घ्यावे : कुटुंबाचे फोटो, आवाजाची रेकॉर्डिंग, हिशेब, स्कॅन केलेले कागद. सिनेमे आणि सॉफ्टवेअर शेवटी, किंवा घेतले नाहीत तरी चालेल. एखाद्या फाईलवर नक्कल अडली तर ती सोडून पुढे जावे. एका फोटोच्या हट्टापायी बाकीचे हजार फोटो जाऊ देऊ नयेत.

लिनक्सची थोडी माहिती असलेला कोणी घरात असेल तर डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम उपयोगी पडतो. तो सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो आणि अवघड जागांकडे नंतर वळतो. कुठपर्यंत काम झाले याची नोंदही ठेवतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

ड्राइव्ह दिसतच नाही, तर आधी केबल

काही वेळा ड्राइव्ह चांगली असते आणि दोष केबलचा निघतो. बाहेरून लावायची ड्राइव्ह असेल तर केबल बदलून पाहावी आणि हब न वापरता थेट कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टमध्ये लावावी. आतली ड्राइव्ह असेल तर कॉम्प्युटर बंद करून प्लग काढावा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी आणि ड्राइव्हची दोन्ही टोके काढून पुन्हा घट्ट बसवावीत. मदरबोर्डवरचे दुसरे पोर्ट आणि दुसरी केबलही लावून पाहावी. एवढ्यावर काम झाले तर नवी ड्राइव्ह घ्यायचा खर्च वाचतो.

ड्राइव्हचा स्वतःचा अहवाल

नक्कल हाती आली की मग तपासणी करावी. आजच्या जवळपास प्रत्येक ड्राइव्हमध्ये स्मार्ट नावाची व्यवस्था असते. ड्राइव्ह त्यात स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. हार्ड डिस्कच्या नोंदींपैकी तीन ओळी विशेष पाहाव्यात.

‘रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब झाल्यामुळे बाद करून राखीव जागेत हलवलेले भाग. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ म्हणजे वाचताना अडलेले आणि अजून निकाल न लागलेले भाग. हे आकडे शून्यावरून वर जाऊ लागले आणि आठवड्यागणिक वाढत राहिले तर ड्राइव्ह बदलायची वेळ आली. तिसरी ओळ ‘सीआरसी एरर’ची. हा आकडा वाढत असेल तर संशय ड्राइव्हपेक्षा केबलवर घ्यावा.

अहवाल चांगला आला म्हणून निर्धास्त मात्र होऊ नये. गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये तापमान सोडता स्मार्टच्या कोणत्याच नोंदीत आधी इशारा दिसला नव्हता. अहवाल वाईट असेल तर विश्वास ठेवावा, चांगला असेल तरी दुसरी प्रत ठेवावी.

दुरुस्तीची आज्ञा शेवटी

विंडोजमध्ये ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, टूल्स, चेक असे गेले की तपासणी होते. वीज अचानक गेल्याने यादीत झालेला गोंधळ या तपासणीने बरेचदा सुटतो. पण ती मोडलेली यादी जुळवते, आणि जे जुळत नाही ते काढूनही टाकू शकते. शिवाय मरणाला टेकलेल्या ड्राइव्हवर संपूर्ण पृष्ठभाग तपासायचा मोठा ताण पडतो. म्हणून नक्कल झाल्याशिवाय ही तपासणी करू नये.

दुकानात देण्यापूर्वी

घरातल्या ड्राइव्हमध्ये आईबहिणींचे, लेकीसुनांचे फोटो असतात, बँकेचे कागद असतात. ती घराची अमानत आहे. ज्याच्या हाती द्यायची त्याला विचारावे : काम इथेच होणार की बाहेर पाठवणार? कोणते फोल्डर उघडावे लागतील? काम झाल्यावर तुमच्याकडची प्रत पुसणार का? वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते तेव्हा जुनी बहुधा परत येत नाही, हेही लक्षात ठेवावे. नवीन लॅपटॉपवर बिटलॉकरचे कुलूप असू शकते. त्याची ४८ आकडी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते का ते आजच पाहून कागदावर लिहून ठेवावी. ती नसेल तर ड्राइव्ह शाबूत असूनही माल मिळत नाही.

जुनी चालू हार्ड डिस्क भंगारात देण्यापूर्वी पूर्ण फॉरमॅट करावी, क्विक फॉरमॅट नव्हे. बंद पडलेली असेल तर तबकड्यांना ड्रिलने भोके पाडावीत.

तीन प्रती

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला नियम सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी. ही हार्ड डिस्क नक्कल झाल्यावर काढून कपाटात ठेवावी, कायम लावलेली ठेवली तर विजेचा धक्का किंवा व्हायरस दोन्ही प्रतींना एकदम गाठतो. तिसरी प्रत गावच्या घरी, विवाहित मुलीकडे किंवा क्लाउडवर ठेवावी. गूगलच्या खात्यात १५ जीबी जागा मोफत असते. एवढ्यात सगळे फोटो मावणार नाहीत, पण घराचे कागद आणि निवडक फोटो नक्की मावतील.

एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे विजेशिवाय पडून राहिला तर त्यातली माहिती पुसट होऊ शकते. म्हणून कपाटातली प्रत वर्षातून दोनदा लावून, दहावीस फोटो उघडून पाहावेत. रमजानपूर्वी घराची साफसफाई होतेच, त्यातला एक तास यासाठी काढावा. हे काम घरातल्या एका मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे आणि कोणत्या तारखेला काय उतरवले ते वहीत लिहायला सांगावे.