जसे काम, तशी पकड

भात कापताना आपण विळा एका तऱ्हेने धरतो. लाकूड फोडताना कुऱ्हाड दुसऱ्या तऱ्हेने धरतो. कुदळ मारताना दोन्ही हात लावतो. आणि अक्षर गिरवताना? तेव्हा पेन्सिल तीन बोटांत हलकेच धरावी लागते. कुदळीसारखी आवळून धरली तर अक्षर वाकडे येते आणि बोटेही दुखतात. हे तुम्ही नुकतेच अनुभवले आहे.

जसे काम, तशी पकड. टेनिसच्या खेळातही हेच आहे. फरक एवढाच, की तिथे हत्यार एक आणि कामे अनेक. म्हणून खेळता खेळता पकड बदलावी लागते.

आपल्या बदलापूर गावाभोवती आता मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुलं नवे नवे खेळ बघतात आणि रॅकेटसाठी घरी हट्ट धरतात. तेव्हा हा खेळ काय आहे, हे आईबापांनाही ठाऊक असावे.

खेळ कसा असतो

टेनिसचे मैदान ७८ फूट लांब असते. मध्ये जाळे बांधलेले असते. ते मधोमध ३ फूट उंच असते. चेंडू जाळ्यावरून पलीकडे गेला पाहिजे, पण रेघांच्या आत पडला पाहिजे.

रॅकेट म्हणजे लांब दांड्याची, तातीने विणलेली चाळणच म्हणा ना! ही चाळण चेंडूला किती वेळ लागते? सेकंदाचे हजार भाग करा. त्यांतले चार-पाच भाग, बस्स. तेवढ्यात हात सुधारायला वेळ कुठला? त्या क्षणी चाळणीचे तोंड आकाशाकडे असेल, तर चेंडू वर उडतो. जमिनीकडे असेल, तर जाळ्यात जातो. तोंड कुठे वळणार, हे बरेचसे पकडीवर ठरते. म्हणून आधी पकड, मग जोर.

चार पकडी

रॅकेटचा दांडा गोल नसतो. त्याला आठ पैलू असतात. ते बोटांना लागतात, म्हणून हात कुठे आहे हे न बघता कळते. आता रॅकेट अशी धरा, की चाळणीची एक कड आकाशाकडे आणि दुसरी जमिनीकडे राहील. इथे उजव्या हाताने खेळणाऱ्याचे सांगतो. डावखुऱ्याने उलट समजावे.

पहिली पकड कोयत्याची. कोयता धार खाली करून धरतो, तशी रॅकेट धरावी. खेळाची सुरुवात चेंडू वर उडवून, डोक्यावरून मारून होते. त्याला सर्व्हिस म्हणतात. तिथे ही पकड हवी. हात वर जातो तेव्हा चाळणीची कड पुढे असते. शेवटच्या क्षणी हात कोपरापासून फिरतो आणि तोंड चेंडूवर येते. त्या फिरण्यातून वेग मिळतो. नवखा माणूस इथे रॅकेट तव्यासारखी धरतो. मग चेंडू नुसता ढकलला जातो. जाळ्याजवळ उभे राहून खेळतानाही हीच पकड बरी. तिथे पकड बदलायला वेळ नसतो आणि ही दोन्ही बाजूंना चालते.

दुसरी पकड हात मिळवण्याची. पाहुण्याशी हात मिळवतो, तसा दांड्याशी हात मिळवा. आता तळहात जिकडे, चाळणीचे तोंड तिकडे. उजवीकडे आलेल्या चेंडूसाठी ही पकड. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

तिसरी पकड अशी. रॅकेट जमिनीवर आडवी ठेवा आणि वरून सरळ उचला. ही पकड घेऊन मारायला गेलात, की तळहात दांड्याच्या खाली येतो. चाळणीचे तोंड जमिनीकडे झुकते. म्हणून हात खालून वर घासत न्यावा लागतो. चेंडू पुढच्या बाजूला गरगरतो, जाळ्यावरून उंच जातो आणि पटकन खाली पडतो. उंच उसळणाऱ्या चेंडूला ही पकड चांगली, बुटक्या चेंडूला अवघड. पुष्कळ खेळाडू दुसरी आणि तिसरी यांच्या मधली पकड घेतात.

चौथी पकड डावीकडच्या चेंडूसाठी. इथे हात उलट बाजूला सरकवावा. तर्जनीच्या बुडाचे हाड दांड्याच्या अगदी वरच्या पैलूवर आले पाहिजे. मनगटात जोर कमी असेल, तर दोन हात लावावेत. उजवा हात खाली, कोयत्यासारखा. डावा त्याच्या वर, हात मिळवल्यासारखा.

बदलापूर हे नाव इथे घोडे बदलत म्हणून पडले, असे सांगतात. घोडा मुक्कामावर बदलतात, धावताना नव्हे. पकडही तशीच. समोरून चेंडू निघाला, की डाव्या हाताने रॅकेटची मान धरून ती फिरवावी. मारताना हात सरकवू नये.

कोपर सांभाळा

बैलाचा कासरा आपण सदा ताणून धरत नाही. सैल धरतो, वेळ आली की आवळतो. रॅकेटही तशीच धरावी. सतत आवळली, की कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते. मग पाण्याचा तांब्या उचलणेही जड जाते. या दुखण्याला टेनिस एल्बो म्हणतात. क्रिकेटवीर सचिन तेंडुलकरला ते झाले होते. २००५ साली त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली.

पण नावावर जाऊ नका! कधी रॅकेट न धरलेल्यांनाही हे दुखणे होते. सुतार, गवंडी, कापणी करणारे, कपडे पिळणाऱ्या बाया, कुणालाही होते. हातावर पोट असणाऱ्याला कोपर गेला म्हणजे मजुरी गेली. म्हणून हत्याराची मूठ हाताच्या मापाची असावी. मूठ मिटल्यावर बोटांची टोके आणि तळहात यांत दुसऱ्या हाताचे एक बोट मावावे. काम करताना अधूनमधून मूठ सैल करावी. दुखू लागले तर हाताला विसावा द्यावा. तरी थांबले नाही, तर डॉक्टरला दाखवावे. अंगावर काढू नये.

शिकायला वय नाही

२०२३ साली चीनमधील हांगझोऊ इथे आशियाई खेळ झाले. तिथे आपल्या महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णा याच्याबरोबर मिश्र दुहेरीत सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी बोपण्णाने ऑस्ट्रेलियातील मोठी स्पर्धा पुरुष दुहेरीत जिंकली. तेव्हा तो ४३ वर्षांचा होता.

तुमचा हातही मोठेपणीच पेन्सिल धरायला शिकला की नाही? मग मुलीने रॅकेट मागितली, तर लगेच नाही म्हणू नका. आधी तिला दांडा नीट धरायला सांगा.

सांगा पाहू

१. सर्व्हिस करताना कोणती पकड घ्यावी? का?
२. पकड केव्हा बदलावी?
३. तुमच्या कोयत्याची मूठ तुमच्या हाताच्या मापाची आहे का? मोजून बघा.