हवानाची बोट, मुंबईचा धक्का

कॉर्डेलिया कंपनीची ‘एम्प्रेस’ ही बोट खानदेशात बहुतेकांना नावाने तरी माहीत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्यावर अमली पदार्थविरोधी खात्याची, म्हणजे एनसीबीची, धाड पडली तेव्हा ती घरोघरी टीव्हीवर दिसली. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करून आणणारी, दोन-चार रात्रींचं पॅकेज असलेली बोट एवढीच तिची आपल्याला ओळख. तिचं आधीचं आयुष्य फारसं कुणी सांगत नाही. १९९० मध्ये फ्रान्सच्या गोदीतून ती ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून बाहेर पडली, २००४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ द सीज’ झाली, आणि २०१७ पासून २०१९ च्या जूनपर्यंत रॉयल कॅरिबियन या कंपनीने तिला मुख्यतः एकाच कामाला लावलं होतं. ते काम म्हणजे अमेरिकेतल्या फ्लोरिडातून प्रवासी घ्यायचे आणि क्युबाच्या हवाना बंदरात नेऊन आणायचे. हवानाच्या बंदराचं तोंड अरुंद आहे आणि त्याच्या तळाखालून १९५८ पासून मोटारींचा बोगदा जातो. नव्या अजस्र बोटींचं तिथे काम नव्हतं, म्हणून ताफ्यातल्या जुन्या आणि लहान बोटींना हा मार्ग मिळाला.

मग एका रात्रीत तो मार्ग बंद झाला. २०२० मध्ये कोरोनाने क्रूझचा सगळा धंदाच बसवला, बोट विकली गेली आणि सप्टेंबर २०२१ पासून मुंबईच्या धक्क्याला लागू लागली. तो मार्ग कसा बंद पडला हे आपल्याकडच्या माणसाने नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर इथल्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा लेक आज अमेरिकेत आहे. आई-वडील तिकडे गेले की ‘तुम्हाला क्रूझवर नेतो’ हा बेत ठरलेलाच. आणि ज्यांचं तिकडे कुणी नाही, तेही आता मुंबईच्या बोटीची चौकशी करू लागलेत. दोघांनाही एकच प्रश्न पडायला हवा, आणि आपल्याकडची साधी बाई तो नेमका विचारते : “आमले तठे उतरू देतीन ना भो?”

क्युबा आणि अमेरिका यांच्यात समुद्राचं अंतर जेमतेम दीडशे किलोमीटर. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडींनी व्यापारबंदी लादली आणि ती आजही उठलेली नाही. निव्वळ पर्यटनासाठी क्युबाला जायला अमेरिकेचा कायदा मुभा देत नाही. नातेवाइकांची भेट, शिक्षण, धर्मकार्य, पत्रकारिता अशी बारा प्रकारची कारणं ठरवून दिलेली आहेत. त्यांतल्या एखाद्यात बसलात तर जाता येतं. १७ डिसेंबर २०१४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा आणि क्युबाचे अध्यक्ष राउल कास्त्रो यांनी संबंध सुधारण्याची घोषणा केली आणि दार किलकिलं झालं. १ मे २०१६ रोजी कार्निव्हल समूहाची ‘अॅडोनिया’ ही सातशेएक प्रवाशांची बोट मायामीहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी हवानाला लागली. अमेरिकेतून आलेली अशी बोट हवानाने कित्येक दशकांत पाहिली नव्हती.

त्या पहिल्या फेरीआधीही एक गोंधळ झाला होता. क्युबात जन्मलेल्या माणसाने समुद्रमार्गे देशात यायचं नाही, असा क्युबाचा स्वतःचा नियम होता. विमानाने आलेला चालत होता, बोटीने आलेला नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या, पण क्युबात जन्मलेल्या लोकांचं बुकिंग कंपनीने आधी नाकारलं. मायामीत निदर्शनं झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०१६ मध्ये क्युबाने तो नियम मागे घेतला. पासपोर्ट अमेरिकी असूनही जन्मगावामुळे माणूस अडत होता.

तीन वर्षं या बोटी बऱ्या चालल्या. प्रवासी गटाने जातात, स्थानिक लोकांना भेटतात, या कारणाखाली पर्यटकच हवाना पाहून येत होते. मंगळवार, ४ जून २०१९ रोजी ट्रम्प सरकारने जाहीर केलं की हे गटप्रवासाचं कारण रद्द आणि क्रूझ बोटींची परवानगीही रद्द. अंमल दुसऱ्याच दिवसापासून. क्रूझ कंपन्यांच्या संघटनेने सांगितलेला आकडा असा, की जवळपास आठ लाख प्रवाशांच्या बुकिंगवर याचा परिणाम झाला. काही बोटी त्या वेळी समुद्रात होत्या. हवाना सोडून त्या मेक्सिकोकडे, बहामाकडे वळल्या. कुणाला पूर्ण पैसे परत मिळाले, कुणाला अर्धे, तर कुणाला बोटीवरच खर्च करायला थोडे डॉलर.

या आदेशात एक बारकावा होता. सरकारची दोन खाती यात होती. माणसाच्या प्रवासाचा नियम वित्त खात्याचा, बोटीचा नियम वाणिज्य खात्याचा. वित्त खात्याने थोडी माणुसकी दाखवली आणि ज्यांनी आधीच तिकीट किंवा हॉटेल घेतलं होतं, त्यांच्या गटप्रवासाला सवलत दिली. वाणिज्य खात्याने बोटींना अशी सवलत दिलीच नाही. म्हणजे हवानाला जायची परवानगी प्रवाशाच्या हातात होती, पण त्याला तिथे नेण्याची परवानगी बोटीकडे नव्हती. विमानाने जाणारे गट जाऊन आले, बोटीने जाणारे अडकले. आपण एजंटला विचारतो, “आमचा व्हिसा झाला ना?” त्याच दमात “बोटीची परवानगी कुणाची आणि कधीपर्यंतची?” हेही विचारायला हवं.

२०२२ मध्ये बायडेन सरकारने गटप्रवास पुन्हा सुरू केला, क्रूझ मात्र नाही. जानेवारी २०२५ मध्ये तर सहा दिवसांत उलटसुलट झालं. १४ तारखेला बायडेन यांनी क्युबाला दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीतून काढण्याचं जाहीर केलं, आणि २० तारखेला शपथ घेतल्याबरोबर ट्रम्प यांनी ते रद्द केलं.

आता आपल्या माणसाकडे येऊ. जळगावचे आई-वडील न्यू जर्सीत मुलाकडे सहा महिने राहायला गेलेत. पासपोर्ट भारताचा. त्यांना वाटतं, अमेरिका-क्युबाचं भांडण त्यांचं, आपला काय संबंध? संबंध आहे. व्यापारबंदीचा कायदा अमेरिकी नागरिकाला आणि ग्रीन कार्डवाल्याला जगात कुठेही लागू आहे, आणि त्या घडीला अमेरिकेच्या भूमीवर असलेल्या प्रत्येक माणसालाही. पासपोर्ट कोणताही असो. हेच आई-वडील मुंबईहून युरोपमार्गे परस्पर क्युबाला गेले, तर तो कायदा त्यांना बांधत नाही. क्युबाचा व्हिसा तेवढा काढावा लागेल आणि खर्चाला रोख ठेवावी लागेल, कारण अमेरिकी बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत. लंडनच्या मराठी घरांत आणखी निराळी गोष्ट आहे. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्यांना अमेरिकेला जायला एरवी ऑनलाइन मंजुरी पुरते. पण १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला जाऊन आलेल्याला ती मिळत नाही, त्याला रीतसर व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. चार दिवसांची सहल आणि पुढे कित्येक वर्षांची कटकट.

क्युबा सोडा, बहामा किंवा मेक्सिकोची साधी क्रूझ असली तरी बोटीवर चढणं म्हणजे अमेरिका सोडणं आणि परत उतरणं म्हणजे नव्याने प्रवेश मागणं. व्हिसाच्या स्टिकरवर ‘एंट्रीज’ या शब्दाखाली ‘एम’ हे अक्षर असेल तर कितीही वेळा ये-जा करता येते. आपल्याकडच्या बहुतेक आजी-आजोबांच्या दहा वर्षांच्या व्हिसावर ते असतं, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावं. ‘अमेरिकन लोक जन्मदाखल्यावर क्रूझ करतात’ असं जे सांगितलं जातं ते खरं आहे, पण तेवढंच : अमेरिकन लोक. आपल्याला पासपोर्ट आणि चालू व्हिसा दोन्ही लागतात.

खरी अडचण आई-वडिलांपेक्षा मुलाचीच होते. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्या पुष्कळांचा कागद चालू असतो, पण पासपोर्टमधलं स्टॅम्पिंग संपलेलं असतं. अशा माणसाला कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांपर्यंत जाऊन जुन्या स्टॅम्पवर परत येण्याची एक सवलत आहे. बोट मेक्सिकोच्या कोझुमेलला जाऊन आली, तर या सवलतीत बसते. तीच बोट वाटेत जमैका किंवा बहामाला लागली, तर नाही. शेजारच्या बेटांची मुभा विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसावाल्यांना आहे, आणि त्यातूनही क्युबा नावानिशी वगळलेला आहे. म्हणून आई-वडिलांसाठी क्रूझ काढणाऱ्या मुलाने आधी स्वतःचं पान उघडून पाहावं.

घरून नेलेल्या डब्याचंही सांगितलं पाहिजे, कारण आपला माणूस खानदेश सोडताना पिशवी भरूनच निघतो. दादरचं पीठ, कुरडया, लसणाची चटणी, केळीचे वेफर्स. बहुतेक क्रूझ कंपन्या घरी केलेलं अन्न बोटीवर चढू देत नाहीत. कंपनीचं सील असलेली पाकिटं चालतात. ताजं केळं तर बोटीवरून अमेरिकेत उतरवताच येत नाही, मग ते रावेरचं असो की बोटीवरच्या नाश्त्यातलं.

मुंबईची बोट देशातच फिरते, म्हणून तिथे नियमांची भानगड नाही असा समज आहे. गोव्यापुरता तो बरोबर आहे, सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला मात्र भारतीय माणसालाही परवाना लागतो. १९६७ चे नियम आहेत, बेटांवरच्या आदिवासी समाजाच्या रक्षणासाठी केलेले, आणि माझ्या मते ते असणं योग्यच आहे. परवान्याचं काम बोट कंपनी करते, पण कागद आपल्याला वेळेत द्यावे लागतात. त्यातही बोट बेटाला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून नेतात. समुद्र खवळला की उतरणं रद्द. तिथे कोणत्याही सरकारचा दोष नसतो. श्रीलंकेच्या फेरीला पासपोर्ट आणि त्यांची मंजुरी लागते, आणि त्यांचेही नियम स्थिर नव्हते. नोव्हेंबर २०२३ पासून काही काळ भारतीयांना व्हिसा मोफत होता, मग ते काम बाहेरच्या कंपनीकडे गेलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत थांबवली. उतरू न मिळणं एम्प्रेसने स्वतःही भोगलंय. जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला ती मुंबईहून गोव्याला पोचली, तपासणीत ६६ जण कोरोनाबाधित निघाले आणि बोट परत मुंबईला पाठवण्यात आली.

या वाहतुकीत आता भर पडणार आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. कॉर्डेलियाने ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ या आणखी दोन बोटी भाड्याने घेण्याचा करार जाहीर केला आहे. या दोन्ही बोटीही एकेकाळी फ्लोरिडाहून हवानाला जात होत्या.

जास्त बोटी म्हणजे जास्त पॅकेजं, आणि म्हणून पैशांचं आधीच बोललेलं बरं. परदेशी सहलीच्या पॅकेजवर एजंट टीसीएस घेतो. ही रक्कम म्हणजे आयकराची आगाऊ वसुली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात लाखांवरच्या रकमेसाठी तिचा दर वीस टक्के झाला, एप्रिल २०२५ मध्ये ती मर्यादा दहा लाख झाली. पैसे देताना चालू दर विचारावा. नोकरदार ही रक्कम रिटर्नमध्ये वळती करून घेतो. पण केळी-कापसाच्या उत्पन्नावर सहलीला निघालेला शेतकरी एरवी रिटर्न भरतच नाही. त्याला पैसे परत हवे असतील तर त्या वर्षी रिटर्न भरावंच लागतं. हे त्याला एजंटने सांगायला हवं, आणि फार थोडे सांगतात.

तिकिटाच्या करारात बंदर बदलण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे ठेवलेला असतो. हवानाच्या वेळी कंपन्यांनी परतावा दिला, कारण त्या एका बंदरासाठीच लोक आले होते. एरवी एखादं बंदर गळालं तर बहुधा तिथली बंदर-फी तेवढी परत मिळते. प्रवासविम्याच्या बहुतेक पॉलिसींत सरकारी आदेशाने झालेलं नुकसान धरलेलं नसतं. म्हणून पैसे भरण्याआधी एजंटकडून कागदावर, निदान व्हॉट्सअॅपवर, लिहून घ्यावं की बंदर रद्द झालं तर किती परत, फेरी रद्द झाली तर किती, आणि किती दिवसांत.

लिहून घेतलेलं पुढे कामी येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करण्याचा हक्क दिला आहे. कंपनी मुंबईची असली तरी जळगावच्या माणसाला जळगावच्या आणि धुळ्याच्या माणसाला धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ऑनलाइन दाखल करता येतं आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुलाने अमेरिकेत बसून मायामीच्या कंपनीकडून काढलेल्या तिकिटावर मात्र वाद फ्लोरिडातल्या कोर्टातच चालेल, अशी अट सहसा छापलेली असते. अशी अट ग्राहकावर बंधनकारक आहे असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका क्रूझ प्रवासी बाईच्याच खटल्यात दिला आहे.